खांब की माणूस

नैयायिकांच्या डोंगरावर दीड-दोन हजार वर्षं धूर निघतो आहे. खाली उभा असलेला माणूस तो धूर बघतो, त्याला स्वयंपाकघरातली चूल आठवते आणि तो म्हणतो, वर आग असली पाहिजे. दिसतो धूर, कळते आग. न्यायशास्त्राच्या कुठल्याही पहिल्या पुस्तकात हा डोंगर असतोच. हैदराबादेत बडी चौडीच्या दोन खोल्यांत नानांनी मला 'तर्कसंग्रह' शिकवला, तेव्हा मीही तो मुकाट्याने चढले होते.

पुढे मी कॅमेऱ्यांच्या धंद्यात आले आणि हा डोंगर उलटा झाला. आम्ही गाड्यांवर बसवायचे जोडकॅमेरे करतो. एक साधा, डोळ्याला दिसतं तेच टिपणारा. दुसरा थर्मल, वस्तूच्या अंगची उष्णता टिपणारा. शिवाय दोघांची चित्रं एकमेकांत कालवून पडद्यावर एकच चित्र दाखवणारी पेटी. या कालवण्याला धंद्यात फ्यूजन म्हणतात. धुराने भरलेल्या जागेसमोर ही जोडी ठेवली की साध्या कॅमेऱ्याला धूर दिसतो, आग दिसत नाही. थर्मलला आग दिसते आणि धूर जणू नसतोच. धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनहून बारीक. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, तो त्या कणांवर आपटून विखुरतो. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतो. एवढ्या लांब तरंगांच्या वाटेत हे कण येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. (धुक्याचं तसं नाही. धुक्याचे थेंब साधारण याच मापाचे असतात आणि दाट धुक्यात आमचा महागडा कॅमेराही चाचपडतो. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.)

तर ज्याला धूर दिसतो त्याला अनुमान करावं लागतं, आणि ज्याला आग दिसते त्याला अनुमानाची गरज उरत नाही. हे सरळ आहे. घोटाळा तिसऱ्या चित्राचा आहे. कालवलेल्या चित्रात धूरही आहे आणि धुरापलीकडची आगही. ते चित्र बघणाऱ्याला जे होतं ते प्रत्यक्ष, की अनुमान, की आणखी काही? कामावर असा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला तर लोक चहा प्यायला उठून जातात. पण मला तो सुटत नाही, कारण त्या पेटीवर रात्री गाडी चालवणारा माणूस विश्वास टाकणार असतो, आणि कशावर कसला विश्वास टाकायचा हा तर प्रमाणशास्त्राचा मूळ विषय.

वात्स्यायनाने न्यायभाष्यात याच आगीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. कोणी विश्वासू माणूस सांगतो, तिकडे आग आहे. ऐकणारा निघतो, वाटेत धूर दिसतो, तो अनुमान करतो. आणखी जवळ जातो, डोळ्यांनी आग बघतो. मग त्याची जिज्ञासा संपते. बघितल्यावर विचारायचं काही उरत नाही. एकच आग, तीन प्रमाणं. नैयायिक याला प्रमाणसंप्लव म्हणतात. दिङ्नागाला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते प्रमाणं दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान, आणि प्रत्येकाचा विषय वेगळा. प्रत्यक्षाला सापडतं ते अनुमानाला सापडूच शकत नाही. दोघांच्या शेताला पक्का बांध. आमच्या धंद्यातही हे दोन पंथ आहेत, फक्त त्यांना आपली कुळं माहीत नाहीत. काही जण म्हणतात, दोन्ही कॅमेरे एकाच जगाचे साक्षीदार, मिसळा बिनधास्त. काही म्हणतात, थर्मलला थर्मलचं काम द्या, रंगीतला रंगीतचं, सरमिसळ नको. मी वर्षानुवर्षं पहिल्या पंथात होते. पगारच त्याचा मिळतो.

आपल्याकडे उष्णतेचं चित्र बघण्याची सुरुवात आकाशातून झाली असं लोकांना वाटतं, आणि हैदराबादेत ते वाटणं साहजिक आहे. बालानगरला राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, शादनगरला त्याचं उपग्रहांचे संदेश उतरवून घेणारं केंद्र. उन्हाळ्याच्या तोंडाला नल्लमलाच्या जंगलात वणवे लागतात, तेव्हा उपग्रहावरच्या उपकरणाला जमिनीवरचा एखादा ठिपका भोवतालाहून तापलेला आढळतो आणि वनखात्याच्या माणसाला त्या ठिकाणाची सूचना जाते. तो माणूस तिकडे निघतो तो धूर शोधत. आधी आग कळली, मग धूर बघायचा. आणि कधी कधी तिथे आग नसतेच. तापलेला खडक असतो, नाहीतर भट्टी. नैयायिकांना हेही ठाऊक होतं, त्यांच्या बाजूने: वाफेला धूर समजून केलेलं अनुमान फसतं हे उदाहरण ते हटकून देतात.

इथे एक खुलासा करून टाकते. आपल्या पूर्वजांना इन्फ्रारेड माहीत होतं असं मला म्हणायचं नाही. १८०० साली विल्यम हर्शलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले, तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं तिथे तापमापक ठेवला, आणि पारा चढला. तो शोध त्याचा. पण न्याय-वैशेषिकांनी विचार करून एक वर्गवारी केली होती. तेजाला रूप असतं आणि उष्ण स्पर्श असतो. ऊन किंवा आग यांत दोन्ही प्रकट. दिव्याभोवती पसरलेल्या प्रभेत रूप प्रकट, स्पर्श नाही. तापलेल्या पाण्यात स्पर्श प्रकट, रूप नाही. हंड्यातलं पाणी कढत आहे की गार, हे बघून कळत नाही, बोट घालावं लागतं. आणि डोळ्याच्या किरणात, त्यांच्या मते, दोन्ही अप्रकट. मी नानांना थर्मल कॅमेरा पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी न्हाणीघरातल्या बादलीवर धरायला लावला. अर्धी बादली कढत पाण्याने भरलेली, अर्धी रिकामी. पडद्यावर बादलीच्या बाहेरच्या अंगाला सरळ रेघ दिसली. नाना बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे बघणं नव्हे. ही त्वचा आहे, लांब हाताची."

माझ्या दृष्टीने यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्या डेटाशीटमध्ये नाही. थर्मल कॅमेरा हा डोळाच नाही. त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं, हातात घेतलं तर करड्या धातूच्या आरशासारखं, आरपार काही दिसत नाही. उलट साध्या काचेतून त्याला काही दिसत नाही. म्हणून तो गाडीच्या काचेमागे बसवता येत नाही, बाहेर लावावा लागतो, चिखलात, पावसात. गाडीच्या बंद काचेआड माणूस बसलेला असला तर थर्मलच्या लेखी तिथे फक्त काच आहे. चकचकीत धातूची आणखीच गंमत. त्याची स्वतःची उष्णता तो जवळजवळ बाहेर टाकत नाही, समोरच्याची परावर्तित करतो. अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त सोन्याची गणना तेजात केली आहे. थर्मलपुढे सोन्याची बांगडी धरली तर तिच्यात स्वतःचं तेज काहीच नाही, सगळं उसनं. हे मी नानांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यातूनही वाट काढली असती.

दोन्ही कॅमेरे जुळवण्याचं काम, कॅलिब्रेशन, आम्ही गच्चीवर करतो. काळ्या रंगवलेल्या फळीवर ॲल्युमिनियमच्या टेपचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. साध्या कॅमेऱ्याला काळे-पांढरे चौकोन दिसतात. थर्मलला काळे चौकोन उन्हाने तापलेले दिसतात आणि टेपचे गार, कारण टेपमध्ये वरचं निरभ्र आकाश दिसत असतं आणि आकाश फार गार असतं. फळी हलवायची, तिरकी धरायची, प्रत्येक वेळी दोघांकडून टिपून घ्यायचं. मग गणित सांगतं, एक कॅमेरा दुसऱ्यापासून किती सरकलेला आणि किती वळलेला आहे: सरकण्याचे तीन आकडे, वळण्याचे तीन. हे सहा आकडे पेटीत लिहिले की त्यानंतर ती जन्मभर म्हणत राहते, या चित्रातला हा बिंदू आणि त्या चित्रातला तो बिंदू एकच आहेत. हे सहा आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता रस्ता. हैदराबादभोवती १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड आहे, आठपदरी, आणि रात्री चाचणीला त्यासारखी जागा नाही. समोरच्या ट्रकचे हायबीम आले की साधा कॅमेरा चित्र पांढरं करून टाकतो, आणि उजेड गेल्यावर काही क्षण आंधळा. त्याच क्षणात थर्मल शांतपणे ट्रकची तापलेली टायरं दाखवत असतो. काळी म्हैस काळ्या डांबरावर साध्याला नसतेच. थर्मलमध्ये ती उजळून निघते. हे ऐकलं की वाटतं, मग थर्मलच पुरे. पण मे महिन्यात दुपारी डांबर माणसाच्या कातडीहून कितीतरी जास्त तापलेलं असतं, माणूस त्यावर गार, गडद दिसतो. संध्याकाळनंतर डांबर निवत जातं आणि कधीतरी दोघांचं तापमान एक होतं. त्या वेळी रस्ता ओलांडणारा माणूस थर्मलमधून पुसला जातो. डोकं नाही, हात नाहीत, काही नाही. चालताना मधूनच एखादी चप्पल. पहाटेनंतर पुन्हा एकदा अशीच वेळ येते. दिवसातून दोनदा. थर्मल वापरणारे याला क्रॉसओव्हर म्हणतात आणि वेळापत्रकात त्यासाठी जागा सोडतात.

आणि हे सगळं चालत्या गाडीतून. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. साधा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, वरची ओळ आधी, खालची नंतर. थर्मलच्या प्रत्येक ठिपक्याला तापून निवायला दहा-एक मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात गाडी वीतभर पुढे. शिवाय थर्मल मधूनमधून स्वतःला सुधारून घेण्यासाठी आतला एक छोटा पडदा पाडतो, टक् असा आवाज येतो आणि चित्र अर्धा सेकंद गोठतं. अर्धा सेकंद म्हणजे अकरा मीटर. पेटी मात्र आपली दोन्ही चित्रं एकाच क्षणाची समजून मिसळते आणि सायकलवाल्याला दोन डोकी फुटतात, एक रंगीत आणि एक उजळ. जैनांनी सात भंगांत हा पेच मांडून ठेवला आहे. 'आहे' आणि 'नाही' एकामागून एक म्हणता येतं, तो तिसरा भंग. दोन्ही एकदम म्हणायला गेलात की वाणी थांबते, तो चौथा, अवक्तव्य. आम्ही इंजिनिअर तिसऱ्याचं काम चौथ्यात करू बघतो आणि पडद्यावर भूत दिसलं की त्याला घोस्टिंग म्हणतो.

अशाच एका रात्री शहराबाहेरच्या एका तलावाच्या बांधावरून आम्ही येत होतो. ड्रायव्हर याकुतपुऱ्याचा, बारा गावचं पाणी प्यालेला, कॅमेऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. मागे मी आणि आमची एक तरुण तेलुगू सहकारी, मांडीवर लॅपटॉप. बांधाच्या कडेला कट्ट मैसम्मा होती. तेलंगणात तलावाच्या बांधावर बहुतेक ठिकाणी असते. बांध राखणारी देवी. देऊळ नाही, छप्पर नाही, कडुलिंबाखालीही नाही, नुसती उघड्यावर कमरेएवढी ग्रॅनाइटची शिळा. तिला हळद फासलेली, वर कुंकवाचे ठिपके, अंगावर हिरवं लुगडं गुंडाळलेलं, चांदीचे दोन डोळे बसवलेले.

पडद्यावर पेटीने तिच्याभोवती चौकट काढली आणि वर लिहिलं: पादचारी. खात्री ०.८च्या आसपास.

ड्रायव्हरने आधीच गाडी हळू केली होती, ती वळणासाठी. तो पडद्याकडे बघून हसला. "मॅडम, आपकी मशीन माँ कू सलाम करी." सहकारीने चप्पल काढून पाय वर घेतले, हात जोडले, आणि लगेच लॅपटॉपवर ती फ्रेम जपून ठेवली. नंतर ती मला हळूच म्हणाली, हे लेबल चूक म्हणून खोडायचं का? तिला खोडवत नव्हतं.

मी त्या फ्रेमकडे पुष्कळदा बघितलं आहे. रंगीत चित्रात लुगडं, पिवळा चेहरा, उभा आकार. थर्मलमध्ये दिवसभर उन्हात तापलेली शिळा, जी रात्री नेमकी माणसाच्या कातडीइतकी कोमट उरली होती. हैदराबादचा ग्रॅनाइट उष्णता सहजी सोडत नाही, हे इथल्या कुठल्याही गच्चीवर झोपलेल्या माणसाला ठाऊक आहे. आणि त्या उजळ चेहऱ्यात दोन काळे ठिपके, कारण चांदीत आकाश दिसत होतं. म्हणजे डोळ्यांच्या जागी डोळे. एकट्या रंगीत कॅमेऱ्याने तिला माणूस म्हटलं नसतं, हे आम्ही नंतर तपासलं. एकट्या थर्मलनेही नसतं म्हटलं. दोघांनाही शंका होती. मिसळल्यावर शंका गेली.

हीच गोष्ट मला खटकते. संध्याकाळी दूरवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस, हे आपल्या तर्कग्रंथांमधलं संशयाचं ठरलेलं उदाहरण. गौतमाने न्यायसूत्रांच्या आरंभी सोळा पदार्थ मोजले, त्यात प्रमाण पहिलं, प्रमेय दुसरं आणि संशय तिसरा. निर्णय थेट नववा. संशय हा ज्ञानाचा दोष म्हणून बाहेर काढलेला नाही, तो वाटेवरचा मुक्काम म्हणून आत घेतला आहे; संशयाशिवाय चौकशी नाही आणि चौकशीशिवाय निर्णय नाही. आमची पेटी पहिल्यावरून उडी मारते ती नवव्यावर. ०.८ हा आकडा संशयासारखा दिसतो, पण तो संशय नव्हे. संशयाला दोन टोकं लागतात, खांब आणि माणूस, आणि मन त्यांच्यात झुलावं लागतं. ०.८ला एकच टोक आहे.

भ्रमाबद्दलही नैयायिकांचं म्हणणं इथे चपखल बसतं. शिंपल्यावर रुपं दिसतं तेव्हा ते रुपं खोटं नसतं, ते दुसरीकडे खरोखर असतं. इथे फक्त ते अस्थानी दिसतं. पेटीने मैसम्मेवर जो पादचारी बघितला तो असाच कुठल्या तरी दूरच्या रस्त्यावरचा खरा माणूस होता. ज्या चित्रांवर तिला शिकवलं त्यांतला. भारतीय रस्त्यांची चित्रं जमवायचं मोठं काम इथल्याच ट्रिपल आयटीने केलं आहे: हैदराबाद आणि बंगळुरूच्या रस्त्यांवरची सुमारे १०,००० चित्रं, ३४ वर्गांत लावलेली, रिक्षा आणि जनावरांसकट. पण तीही रंगीत, थर्मल नव्हे. आणि बांधावरच्या देवीचा वर्ग कुठल्याच संचात नाही. असता तर त्याचं नाव काय ठेवलं असतं, यावरच आमच्याकडे एक बैठक वाया गेली असती.

घरी हे नानांना सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण वादाला त्यामुळे काही बाध येत नाही. मी त्यांना त्यांच्याच शास्त्रातला पेच टाकला. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात आत्म्याच्या सिद्धीने होते, आणि पहिलाच युक्तिवाद असा की जे मी डोळ्याने पाहिलं तेच मी आता हाताने स्पर्शतो आहे, हे आपल्याला कळतं. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रूप कळत नाही. तरी 'तेच हे' असं कोणीतरी म्हणतं. तो म्हणणारा दोन्ही इंद्रियांहून वेगळा, तो आत्मा.

"नाना, मग आमची पेटी हेच करते. डोळा आणि त्वचा, दोघांचं एकच वस्तू म्हणून सांगते. तिच्यात आत्मा आला का?"

"तिला चिंच दाखव," नाना म्हणाले. "तोंडाला पाणी सुटलं तर कळव."

हे ते थट्टेने म्हणाले नाहीत. त्याच अध्यायात तो युक्तिवाद आहे: आंबट फळ नुसतं बघितलं तरी जिभेला पाणी सुटतं, कारण बघणारा आणि पूर्वी चाखणारा एकच. पण मी सोडलं नाही. म्हटलं, तोंडाला पाणी सुटणं हा शरीराचा धर्म, तो सोडा. 'तेच हे' म्हणण्याचं काय?

"ते दोन्ही बिंदू एकाच वस्तूचे आहेत, हे पेटीला कळलं कुठून?"

"मी सांगितलं. गच्चीवर. सहा आकडे."

"मग 'तेच हे' तू म्हणालीस. ती फक्त पाठ म्हणते आहे."

बौद्धांच्या बाजूने उत्तर देता आलं असतं, आणि मी ते दिलंही: माझ्या डोक्यातही डोळा आणि हात जुळवणारे असलेच काही आकडे लहानपणी पाळण्यात, खुळखुळ्यावर झडप घालता घालता लिहिले गेले असतील, मग मीही पाठच म्हणते, आणि आत कोणी बसलेलं नाही, नुसता क्षणांचा प्रवाह. नाना म्हणाले, "म्हण खुशाल," आणि पानाचा डबा ओढला. हा वाद दीड हजार वर्षांत मिटला नाही, तो बडी चौडीत मिटेल असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं. आत्मा सिद्ध झाला की नाही ते बाजूला ठेवू. पण 'पाठ म्हणते आहे' हे मात्र माझ्या मनात रुतलं, आणि त्यातून मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मी समजते.

गाडीतला माणूस पडद्यावर जे बघतो ते प्रत्यक्ष नाही. त्याच्या डोळ्याचा त्या वस्तूशी संबंध नाही. उष्णतेशी तर त्याच्या डोळ्याचा संबंध येऊच शकत नाही. ते अनुमानही नाही. तो 'जिथे धूर तिथे आग' अशी कुठली व्याप्ती आठवत नाही, हेतू तपासत नाही. तो फक्त विश्वास ठेवतो की कोणी तरी जाणत्याने हे दोन साक्षीदार नीट जुळवले आहेत आणि कुणाचं कधी ऐकायचं ते नीट ठरवलं आहे. हायबीममध्ये थर्मलचं वजन वाढवा, क्रॉसओव्हरमध्ये रंगीतचं, हे सगळं आम्ही आधी, दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. कालवलेलं चित्र म्हणजे गैरहजर इंजिनिअरचं बोलणं आहे. ते शब्दप्रमाण आहे. वात्स्यायनाच्या आगीची ती पहिली पायरी, विश्वासू माणसाचं सांगणं, फक्त तिला तिसऱ्या पायरीचे कपडे चढवलेले. म्हणून तर जिज्ञासा संपते. बघितलं असं वाटतं ना!

आणि एकदा ते शब्दप्रमाण म्हटलं की त्याच्या अटी लागू होतात. सांगणारा आप्त हवा: त्याने वस्तू जाणलेली हवी आणि जाणली तशीच सांगायची इच्छा हवी. खड्ड्यांतून गाडी आपटली की कॅमेरा केसभर वळतो, ते सहा आकडे शिळे होतात, तरी पेटी तितक्याच ठामपणे 'तेच हे' म्हणते. पहिली अट गेली. दोन कॅमेऱ्यांचं एकमेकांशी पटत नाही हे पेटीला आत माहीत असतं, कारण मिसळण्याआधी दोन्ही चित्रं तिच्या हातात असतात. ती ते सांगत नाही. दुसरी अट गेली. देवाधर्माच्या बाबतीत आपण शब्दप्रमाणावर केवढा खल केला! वेद अपौरुषेय, म्हणून निर्दोष, असं मीमांसक म्हणाले, कारण बोलणारा असला की त्याचे दोष आले. नैयायिक म्हणाले, बोलणारा आहे, ईश्वर आहे, आणि तो आप्त आहे. मला या बाबतीत नैयायिकांची भूमिका नेहमी जास्त प्रामाणिक वाटली. बोलणारा आहे हे एकदा कबूल केलं की त्याला जाब विचारता येतो. पेटी विकणारे मात्र मीमांसकांच्या वाटेने जातात: हे कोणी सांगितलेलं नाही, हे नुसतं दिसतं आहे.

मी आमच्याकडे एक साधी मागणी मांडली. दोघांचं जुळत नसेल तिथे चौकट तुटक रेघेची काढा. दोघांचं एकमत असेल तिथे सलग. आणि ड्रायव्हरच्या अंगठ्याशी एक बटण, जे दाबलं की मिश्रण सुटून दोन चित्रं आळीपाळीने दिसतील. काम दोन आठवड्यांचंही नव्हतं. ज्यांच्यासाठी पेट्या करायच्या होत्या त्या गिऱ्हाइकाच्या माणसाला ते पसंत पडलं नाही. त्याचं म्हणणं, तुटक रेघ बघून ड्रायव्हरला सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटेल. आणि ताशी ८० किलोमीटरला संशयाला वेळ कुठे आहे? या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. समोर काहीतरी आहे आणि ते खांब की माणूस हे कळत नसेल तर आधी ब्रेक, मग दर्शन. पण ब्रेक दाबायलाच तर संशय लागतो. पेटीने उलटी चूक केली असती, क्रॉसओव्हरच्या वेळी माणसाला ०.१ देऊन सोडून दिलं असतं, तर तुटक रेघेनेच पाय ब्रेकवर गेला असता. आमच्या ड्रायव्हरचा पाय जातो. तो पडद्याकडे बघतच नाही, आणि विचारलं तर म्हणतो, "मेरेकू कुच तो दिखरा, तुमे तुमारा देखो."

दक्षिण कोरियातल्या काइस्ट या संस्थेने २०१५ साली रंगीत आणि थर्मल चित्रांच्या जोड्यांचा एक मोठा संच प्रसिद्ध केला, पादचारी ओळखायला शिकवण्यासाठी. दोन्ही कॅमेऱ्यांना एकच दृश्य मिळावं म्हणून त्यांनी मध्ये प्रकाश दुभंगणारी तबकडी बसवली होती, म्हणजे सरकण्याची भानगडच कमी. या धंद्यातल्या बहुतेकांनी तो संच कधी ना कधी वापरला आहे. त्यात चौकटींवर लेबलं आहेत: माणूस, माणसं, सायकलस्वार. आणि एक चौथं लेबल आहे, 'माणूस?', शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. चौकटी काढणाऱ्याला जिथे ठरवता आलं नाही तिथे त्याने तसं लिहून ठेवलं. ज्याने पहिल्यांदा ते प्रश्नचिन्ह लेबलांच्या यादीत घालायचं ठरवलं त्याला मी आप्त म्हणेन. पुढे चाचणी करताना या प्रश्नचिन्हवाल्या चौकटी बहुधा हिशेबातून वगळतात, गुण मोजायला सोयीचं पडतं म्हणून.

मैसम्मेची फ्रेम आमच्या संचात अजून आहे. सहकारी म्हणते 'इग्नोर' लावू. गिऱ्हाइकाचा माणूस म्हणतो 'अडथळा' लावा. मी तिथे 'माणूस?' लिहिलं आहे आणि यादीत तसा वर्ग वाढवून मागितला आहे. अर्जावर अजून सही व्हायची आहे.